शंटच्या ऑपरेशननंतर डोकं दुखतंय? गोळी देण्याआधी हे तपासा

डोक्यातलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट, बसवून पेशंट घरी गेला की काही दिवसांतच वॉर्डात फोन येतो. "सिस्टर, डोकं फार दुखतंय म्हणतात. गोळी देऊ का?" न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात हा फोन मी इतक्यांदा घेतलाय की माझा उलट प्रश्न आता ठरलेला आहे: "आत्ता ते बसलेत की झोपलेत? आणि दुखायला लागलं तेव्हा काय करत होते?" या उत्तरावरून पुढची बरीचशी दिशा कळते. गोळी त्यानंतर.

खाली मी फोनवर ज्या क्रमाने विचारते त्याच क्रमाने लिहिलंय. आधी लक्षणं, मग घरी बिनखर्चात करता येण्यासारख्या गोष्टी, आणि शेवटी हॉस्पिटलमध्येच होणाऱ्या. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचा स्कॅन पाहिलाय, मी नाही.

लक्षणं ओळखा

जखमेचं दुखणं वेगळं असतं. टाक्यांपाशी, कानामागे झडप (शंटमधून किती पाणी जाईल ते ठरवणारा भाग) बसवलीय तिथे, मानेतून नळी जाते त्या रेषेवर हात लावला की दुखतं, मान वळवली की ओढ बसते. पोटावरची छोटी जखमही खोकताना दुखते. हे पहिल्या आठवड्यात जास्त असतं आणि रोज थोडं थोडं कमी होत जातं. त्यातलं "कमी होत जातं" हे सगळ्यात महत्त्वाचं. चार दिवस उतरलेलं दुखणं पाचव्या दिवशी पुन्हा चढायला लागलं, तर ते जखमेचं म्हणून सोडून देऊ नका.

पाणी जास्त वाहून जात असेल तर डोकं उठल्यावर, चालल्यावर दुखतं आणि आडवं झालं की उतरतं. सोबत मळमळ, चक्कर, कानात आवाज, मान आखडणं. दुपारनंतर, म्हणजे बराच वेळ उभं-बसलं राहिल्यावर, त्रास वाढतो.

पाणी कमी वाहत असेल किंवा शंट तुंबला असेल तर उलटं होतं. झोपून वाढतं, पहाटे डोक्याच्या दुखण्यानेच जाग येते, उलटी होते, खोकताना-शिंकताना डोक्यात कळ जाते. दोन दोन दिसतं, नजर धूसर होते. माणूस सुस्तावतो, बोललेलं उशिरा कळतं. तान्ह्या बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ते किरकिर करतं, दूध ओढत नाही, टाळू फुगून घट्ट लागते, डोक्यावरच्या शिरा ठळक होतात, बुबुळं खाली झुकतात आणि वर पांढरं दिसायला लागतं.

आणि ताप, जखमेभोवती लाली, पोटदुखी, मान वाकवायला त्रास यांतलं काही डोकेदुखीबरोबर असेल तर आधी संसर्गाचा विचार करायचा.

माणूस नीट जागा होत नसेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झटका (फिट) आला असेल किंवा नजर अचानक गेली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. लगेच निघा.

आधी पोझिशन बघा

पेशंट शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, उलट्या नाहीत, अशा वेळी हे करा. त्यांना उशी न घेता सपाट झोपवा, खोलीत शांतता ठेवा, अर्धा तास थांबा आणि विचारा: कमी झालं, तेवढंच आहे, की वाढलं? वाढायला लागलं तर अर्धा तास पुरा करायची गरज नाही, लगेच उठवून बसवा.

याने एवढा फरक का पडतो, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, पण एका वेळी आत असतं ते सुमारे दीडशे मिलिलीटर. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. शंट हे जादाचं पाणी वाहून नेतो: वरचं टोक मेंदूतल्या पोकळीत, मधे झडप, खालचं टोक पोटात. पिंपातून नळीने पाणी काढताना नळीचं दुसरं टोक जितकं खाली धरावं तितकी ओढ वाढते, तसंच इथे होतं. माणूस उभा राहिला की डोकं आणि पोट यांच्या उंचीत फरक पडतो आणि पाणी खाली जोरात ओढलं जातं. आडवा झाला की ती ओढ जवळजवळ संपते. ही ओढ रोखण्यासाठी बऱ्याच शंटमध्ये वेगळा भाग बसवलेला असतो, पण प्रत्येक शरीराला त्याचं प्रमाण पहिल्याच वेळी बरोबर जुळेल असं नाही.

म्हणून आडवं झाल्यावर उतरलं तर पाणी जास्त जातंय असं धरून चाला. त्या दिवशी उठायचं ते टप्प्याटप्प्याने: आधी उशीला टेकून, मग पाय खाली सोडून, मग उभं. दिवसातून दोन-तीन वेळा सपाट पडून विश्रांती घ्या. हार्ट किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर पाणी थोडं जास्त प्या. पहिल्या काही दिवसांत शरीर नव्या दाबाला सरावत असतं आणि एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. तरीही सर्जनच्या टीमला त्याच दिवशी फोन करून सांगाच. पाणी जास्त दिवस जादा जात राहिलं तर मेंदू आतून आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि फुटू शकतात. वयस्कर माणसांत हा धोका जास्त, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर फारच. "झोपलं की बरं वाटतं ना, मग झोपून राहू" असं म्हणत आठवडे काढणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका.

आडवं झाल्यावर वाढलं तर उशाची बाजू साधारण तीस अंश वर करा आणि घरातल्या बाकीच्या तपासण्यांत वेळ न घालवता फोन लावा. हा शंट नीट चालत नसल्याचा इशारा असू शकतो.

घड्याळ आणि वही

पोझिशननंतर वेळ. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. शिवाय माणूस आडवा असतो. त्यामुळे कवटीतला दाब पहाटे जास्त असतो आणि तुंबलेल्या शंटचं दुखणं पहाटे जागं करतं. उलट, जास्त वाहणाऱ्या शंटचा माणूस सकाळी ताजा उठतो आणि संध्याकाळी कोमेजतो.

हे आठवणीवर ठेवू नका. साधी वही घ्या आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: "सकाळी ५.४०, झोपेतून उठवलं, कपाळ आणि डोळ्यांमागे, १० पैकी ७, बसवल्यावर ५, एक उलटी." अशा पाच-सहा ओळी घेऊन आलेल्या नातेवाइकांचं ऐकून डॉक्टर काही मिनिटांत ठरवतात की झडपेचं सेटिंग बदलायचं की आधी सीटी करायचा. "अधूनमधून दुखतं" यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

पाणी, जेवण, झोप, चहा-कॉफी

साधं वाटतं, पण ऑपरेशननंतर भूक मेलेली असते, लोक पाणी कमी पितात, रात्री झोप तुटते. या तिन्हींनी चांगल्या माणसाचंही डोकं दुखतं. रोज चार-पाच कप चहा-कॉफी पिणाऱ्याची ती हॉस्पिटलमध्ये अचानक बंद झाली तर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि काही दिवस राहू शकतं. हे सगळं ठीक करून एक दिवस बघा. पण हे "एक दिवस बघा" फक्त वरची धोक्याची लक्षणं नसतील तेव्हाच.

पोट साफ होतंय का?

हा प्रश्न विचारला की लोकांना नवल वाटतं. डोक्याचं ऑपरेशन झालंय आणि सिस्टर शौचाचं काय विचारतेय! पण नळीचं दुसरं टोक पोटात आहे. बद्धकोष्ठाने पोट गच्च झालं की तिथला दाब वाढतो आणि वरून येणारं पाणी उतरायला अडथळा होतो. जोर केला की डोक्यातला दाबही तेवढ्यापुरता चढतो. ऑपरेशननंतर दिलेल्या ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांनी आतडी सुस्त होतात, वर माणूस अंथरुणात. लहान मुलांत तर हे फारच दिसतं: दोन-तीन दिवस शी झालेली नाही, मूल डोकं धरून बसलंय, आणि पोट मोकळं झाल्यावर खेळायला लागलंय. पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, जोर करू देऊ नका. पोट साफ होऊनही डोकं तसंच राहिलं तर मात्र बद्धकोष्ठावर खापर फोडून थांबू नका.

गोळ्यांचा हिशोब

आठवडाभरात किती गोळ्या झाल्या ते मोजा. पॅरासिटामॉल हे सहसा पहिलं औषध. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, दारू नियमित असेल तर त्याहून बरंच कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशोबात धरा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, अंदाजाने देऊ नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन सर्जनला विचारल्याशिवाय देऊ नका. रक्त गोठण्याच्या क्रियेवर त्यांचा परिणाम होतो आणि ताज्या ऑपरेशननंतर ती जोखीम घ्यायची नसते. झोपेची गोळी तर नकोच. माणूस गोळीने झोपलाय की दाब वाढून गुंगीत गेलाय, हे मग घरी कुणालाच ओळखता येत नाही. ही माझ्या मनातली सगळ्यात मोठी काळजी आहे.

महिन्याकाठी पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अशी सवय काही महिने चालली तर गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. शंट जुना झालेल्या, सगळे स्कॅन चांगले असलेल्या पेशंटमध्ये हे पुन्हा पुन्हा सापडतं. शंट असणाऱ्याला मायग्रेनही होऊ शकतं, ताणाची डोकेदुखीही होऊ शकते. प्रत्येक दुखणं नळीचंच नसतं. पण ते ठरवायचं तपासून, घरी बसून नाही.

जखम, नळीची रेषा आणि ताप

हात धुवा आणि उजेडात बघा. डोक्यावरचे टाके, कानामागची झडप, मानेतून छातीवरून पोटापर्यंतची रेषा, पोटावरची जखम, या क्रमाने. लाली, गरम लागणं, पू, टाके उसवणं, किंवा उशीवर पाण्यासारखा ओला डाग. जखमेतून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते मेंदूतलं पाणी असू शकतं. ज्या वाटेने ते बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात. स्वच्छ ड्रेसिंग ठेवून त्याच दिवशी दाखवा, वरून पावडर, हळद, मलम काही लावू नका.

झडपेभोवती किंवा नळीच्या रेषेवर पाण्याचा फुगवटा दिसला तर पाणी नळीतून न जाता बाहेरून वाट काढतंय. पुढे कुठेतरी तुंबलंय किंवा जोड सुटलाय, असा त्याचा अर्थ निघतो.

ताप थर्मामीटरने मोजा, कपाळाला हात लावून नाही. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर फोन करा, "व्हायरल असेल" म्हणून घरातली अँटिबायोटिक सुरू करू नका. अर्धवट अँटिबायोटिकने ताप दबतो, नळीवरचे जंतू तसेच राहतात आणि नंतर पाण्याच्या तपासणीत ते सापडणंही कठीण होतं. शंटचे बहुतेक संसर्ग पहिल्या सहा महिन्यांत दिसतात, त्यामुळे या काळातला कुठलाही ताप शंटवाल्या माणसात साधा धरायचा नसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते: कानामागचा फुगीर भाग दाबून "पंप चालतोय का" हे घरी तपासू नका. कुणीतरी ऐकीव सांगतं आणि लोक दिवसातून दहादा दाबतात. दाबून तो लगेच भरला म्हणजे शंट चांगला, असं खात्रीने म्हणता येत नाही, आणि सारखं दाबल्याने नको तेवढं पाणी खेचलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी स्वतः शिकवून दाबायला सांगितलं असेल तरच.

झडपेचं सेटिंग आणि चुंबक

डिस्चार्जच्या कागदांत झडपेचं नाव आणि सेटिंग लिहिलेलं असतं. बाहेरून बदलता येणारी, म्हणजे प्रोग्रॅमेबल झडप असेल तर हा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. या झडपा चुंबकाने फिरवतात. मग नको असलेल्या चुंबकानेही काही मॉडेल फिरू शकतात. हेडफोन, मोबाइल, टॅबलेटचं चुंबकी कव्हर, चुंबकी खेळणी झडपेपासून किमान पाच सेंटीमीटर लांब ठेवा. मोबाइल शंट नसलेल्या बाजूच्या कानाला लावा.

एमआरआय करता येतो, पण आधी सांगायचं की प्रोग्रॅमेबल शंट आहे, आणि नंतर सेटिंग तपासून घ्यायचं. काही झडपा एमआरआयमध्ये फिरत नाहीत, काही फिरतात. आपली कुठली आहे हे डिस्चार्जच्या कागदांतल्या झडपेच्या नावावरून कळतं. गुडघ्याचा का असेना, एमआरआय झाल्यानंतर डोकेदुखीचा प्रकार बदलला तर हे पहिल्यांदा सांगा. सेटिंग तपासणं ओपीडीत काही मिनिटांचं काम आहे, सुई नाही, भूल नाही.

चाल आणि वागणं

वयस्कर माणसाला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलससाठी (मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं पण दाब फारसा चढत नाही, असा आजार) शंट बसवला असेल तर डोकेदुखी नसतानाही शंट बिघडू शकतो. तिथे चाल बघा. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन वळून परत बसायला किती सेकंद लागतात, ते आठवड्यातून एकदा त्याच खुर्चीवरून मोजा आणि वहीत लिहा. शेजारी माणूस उभा ठेवूनच. पाय पुन्हा जमिनीला चिकटल्यासारखे पडायला लागले, लघवी पुन्हा निसटायला लागली, विसरणं वाढलं, तर दाखवा. शाळकरी मुलात अभ्यासात मागे पडणं, चिडचिड, दिवसा झोपणं हेही तसंच.

हॉस्पिटलमध्ये काय होतं

सीटी किंवा झटपट एमआरआय काढून मेंदूतल्या पोकळ्यांचा आकार जुन्या स्कॅनशी ताडतात. म्हणून जुनी सीडी आणि फिल्म घेऊन जा. एकट्या नव्या स्कॅनला अर्थ कमी. डोक्यापासून पोटापर्यंत एक्स-रे काढून नळी तुटली किंवा सुटलीय का बघतात. गरज पडली तर बारीक सुईने झडपेपाशी पाणी काढून दाब आणि जंतू तपासतात. पोटाची सोनोग्राफी करून खालच्या टोकाशी पाणी साठलंय का पाहतात.

शंट तुंबणं हा कुणाच्या हलगर्जीपणाचा पुरावा नाही. जॉन होल्टर या तंत्रज्ञाने १९५६ मध्ये आपल्या आजारी मुलासाठी सिलिकॉनची झडप बनवली, तेव्हापासून झडपा कितीतरी सुधारल्या, तरी लहान मुलांत बसवलेल्या शंटपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पहिल्या वर्षातच बिघडतात. आई-बाप स्वतःला बोल लावत वॉर्डात बसलेले बघवत नाहीत. लवकर घेऊन आलात, एवढंच तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही केलंत.

घरचे उपाय कुठे थांबवायचे

त्याच दिवशी फोन करा: रोज वाढत जाणारी डोकेदुखी, उठल्यावर दुखून झोपल्यावर उतरणारी, नव्याने सुरू झालेली पहाटेची डोकेदुखी, ३८ अंशांचा ताप, जखमेत लाली किंवा ओल, गोळी घेऊनही दोन दिवसांत न उतरलेलं दुखणं.

फोनची वाट न बघता निघा, रात्र असो की सुट्टीचा दिवस: हाक मारून उठत नाही किंवा उठून लगेच झोपतो, डोकेदुखीबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, दोन दोन दिसणं किंवा नजर जाणं, बोलणं अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा, ताप आणि मान ताठ, पडून डोक्याला मार, अचानक आलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, बाळाची फुगलेली घट्ट टाळू. तुंबलेल्या शंटमध्ये माणूस काही तासांत खालावू शकतो. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही. निघताना तोंडातून काही देऊ नका, ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. शक्य असेल तर न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्येच जा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा: "यांना मेंदूचा शंट आहे, अमुक तारखेला बसवलाय." केसांमुळे जखम दिसत नाही, आणि हे माहीत नसेल तर उलटी-डोकेदुखी ॲसिडिटीत जमा होते. मागे शंट तुंबला होता आणि आताचं दुखणं अगदी तसंच असेल, तर तेही सांगा; डॉक्टर त्याला वजन देतात. स्कॅन "ठीक आहे" असं सांगून घरी पाठवत असतील पण माणूस अजून गुंगीत असेल किंवा उलट्या थांबल्या नसतील, तर न्यूरोसर्जननी स्वतः बघावं असा आग्रह धरा आणि तोपर्यंत तिथून हलू नका. काही जणांच्या पोकळ्या शंट तुंबला तरी स्कॅनवर मोठ्या होत नाहीत.